चोथा की कात?

मेक्सिकन रेड-नी टॅरेंटुला या मोठ्या, केसाळ पाळीव कोळ्याच्या काचपेटीत एखाद्या सकाळी कोपऱ्यात तपकिरी, चुरगळलेला, रेशमाने गुंडाळलेला गोळा दिसतो. नवखा पाळणारा तो चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकतो. बहुतेक वेळा त्याचं बरोबरच असतं, कारण तो खाऊन उरलेल्या किड्याचा चोथा असतो. पण कधी कधी ती कोळ्याची कात असते. मोठी मादी एक-दोन वर्षांतून एकदा कात टाकते. ती कचऱ्यात गेली की कात तपासायची पुढची संधी फार लांब असते.

चोथा हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. ऊस चावून रस गिळावा आणि उरलेलं थुंकून टाकावं, तसंच टॅरेंटुला खातो. त्याला घन काही गिळता येत नाही. रातकिडा पकडला की तो विषदंत रुतवतो, पाचक रस ओततो आणि जबड्यांनी मळत राहतो. विरघळलेलं मांस आतल्या शोषक जठराने ओढून घेतो, तोंडाजवळचे केस ते गाळतात. हे काम काही तास चालतं. शेवटी उरतं ते न पचणारं कवच: पंखांचे तुकडे, पायांच्या काड्या, डोक्याची टोपी. मोठ्या रातकिड्याचा शेवटी वाटाण्याएवढा गोळा होतो. तो ओलसर असतो, म्हणून त्यावर बुरशी धरते, माइट्स नावाचे बारीक जीव येतात, चिलटं घोंगावतात. चोथा दिसला की त्याच दिवशी काढावा.

कात मात्र कोळ्याची स्वतःची. साप कात टाकतो तेव्हा वरची त्वचा जाते. टॅरेंटुला विषदंतही टाकतो आणि शोषक जठराचं आतलं अस्तरसुद्धा. हे मला दरवेळी थक्क करतं. पाठीवरचं कवच डबीच्या झाकणासारखं उघडतं आणि त्या फटीतून कोळी आठही पाय ओढून बाहेर येतो. मोठ्या कोळ्याची कात त्यामुळे मेलेल्या कोळ्यासारखी हुबेहूब दिसते. ती पाहून घाबरण्याआधी पेटीत दुसरा, जास्त उजळ रंगाचा कोळी बसलाय का ते बघा. पाय पोकळ, झाकण उघडं आणि पोटाकडे सुरकुतलेलं पातळ कातडं, एवढ्यावरून कात ओळखू येते.

खरा घोळ होतो तो पिल्लांच्या बाबतीत. नखाएवढं पिल्लू महिन्या-दोन महिन्यांत कात टाकतं, ती चुरगळते, रेशमात गुरफटते आणि चोथ्याशेजारी पडून राहते. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. मग तो गोळा कोमट पाण्यात, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून भिजवावा आणि बारीक कुंचल्याने सोडवावा. कात असेल तर पाय एकेक करून उलगडतात आणि दोन काळे विषदंत दिसतात. चोथा असेल तर नुसते तुकडे सुटे होतात. हातमोजे घाला. कातीवरही पोटाचे खाजरे केस राहतात आणि ते खाजकुइलीसारखे त्रास देतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कातीच्या पोटाकडच्या भागात, आतल्या बाजूने, पुढच्या दोन पुस्त-फुप्फुसांच्या (पुस्तकाच्या पानांसारख्या थरांच्या श्वसनाच्या अवयवांच्या) मधे मादीची शुक्राणू साठवायची पिशवी दिसते. ती पिशवी दिसली तर मादी. या जातीची मादी 20 वर्षांहून जास्त जगू शकते, नराचं आयुष्य त्या मानाने फार थोडं. आपण किती वर्षांची जबाबदारी घेतली आहे, ते या चिमूटभर कातड्यावरून कळतं.

दुसरं कारण जेवणाचं. चोथा सापडला तर कोळी जेवला, पुढचा किडा आठवडा-दोन आठवड्यांनी द्यावा. कात सापडली तर उलट, लगेच काही देऊ नये. नवे विषदंत सुरुवातीला पांढरे आणि मऊ असतात, मग लालसर होतात, मग काळे. मऊ अंगाच्या कोळ्याला रातकिडाच चावून जखमी करू शकतो. कात टाकायच्या आधीचा उपवासही याच क्रमातला आहे, आणि उताणा पडलेला कोळी बहुधा मेलेला नसतो, कात टाकत असतो. त्याला अजिबात हात लावू नये, पाण्याची वाटी तेवढी भरलेली ठेवावी. विषदंत पूर्ण काळे झाले की एक लहानसा रातकिडा सोडावा, आणि सकाळपर्यंत तो तसाच फिरत असेल तर बाहेर काढावा.