उपग्रह प्रतिमांवरून मेघप्रकार-निश्चिती

हवामान उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमेतील तेजस्विता, तापमान, पोत आणि आकार यांवरून ढगांचा प्रकार ठरविण्याची पद्धत. जमिनीवरील निरीक्षकाला ढगाचा तळ व बाजू दिसतात, उपग्रहाला मुख्यतः माथा. त्यामुळे ब्रिटिश हवामान-अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांच्या १८०२–०३ मधील वर्गीकरणापासून रूढ झालेली तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ ही नावे प्रतिमेतील ढगांना लावताना दर वेळी अनुमानाचा आधार घ्यावा लागतो.

या पद्धतीचा आरंभ सामान्यतः १ एप्रिल १९६० रोजी सोडलेल्या टायरॉस-१ या अमेरिकी उपग्रहापासून मानतात. त्याविषयी पूर्ण एकमत नाही. वरून ढगांची छायाचित्रे घेण्याचे प्रयत्न त्याआधीचे आहेत. २४ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यू मेक्सिकोतून सोडलेल्या व्ही-२ अग्निबाणावर चलत्‌चित्र कॅमेरा होता. ऑक्टोबर १९५४ मध्ये एका अग्निबाणाच्या छायाचित्रांत टेक्सासजवळचे एक उष्ण कटिबंधीय वादळ आढळले. नेहमीच्या निरीक्षणांतून ते उमगले नव्हते. फेब्रुवारी १९५९ मधील व्हॅनगार्ड-२ तर मेघाच्छादन मोजण्यासाठीच बनविला होता, म्हणून काही लेखक पहिल्या हवामान उपग्रहाचा मान त्याला देतात. मात्र त्याचा परिवलन-अक्ष डळमळल्याने मिळालेली माहिती जवळजवळ निरुपयोगी ठरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक्सप्लोरर-६ ने पाठविलेले पृथ्वीचे चित्र अगदी अंधूक होते. ढग नुसते दिसणे आणि त्यांचा प्रकार ओळखता येणे यांत फरक केला, तर टायरॉस-१ चा दावा अधिक ग्राह्य वाटतो. सुमारे ७८ दिवस चित्रे मिळत राहिल्याने ती जमिनीवरील नोंदींशी ताडून पाहता आली. त्याच चित्रांत सागरावरील मेघांची कोशिकामय (मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांसारखी) रचना प्रथम स्पष्ट झाली व १९६१ मध्ये क्रूगर आणि फ्रिट्झ यांनी तिचे वर्णन केले. या कोशिका काही दशक किलोमीटर रुंद असतात. जहाजावरून पाहणाऱ्याच्या नजरेत त्या मावत नाहीत. तेजस्विता, पोत, आकार व मांडणी या कसोट्यांची शिस्तशीर जुळणी याच सुमारास झाली, आणि तिचे श्रेय बव्हंशी अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जॉन कॉनोव्हर यांच्याकडे जाते.

दृश्य प्रतिमा परावर्तित सूर्यप्रकाशाची असल्याने तीत ढगाची जाडी व घनता उमटते. सुमारे ११ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रतिमेत माथ्याचे तापमान, म्हणजेच अप्रत्यक्षपणे उंची कळते. थंड भाग पांढरा दाखविण्याचा संकेत आहे. दोन्ही प्रतिमांत शुभ्र दिसणारा, ठसठशीत कडांचा ढग हा बहुधा गर्जन्मेघ असतो. दृश्य प्रतिमेत विरळ पण अवरक्तात पांढरा दिसणारा तंतुमेघ, तर दृश्यात पांढरा व अवरक्तात आसपासच्या जमिनीत मिसळून जाणारा ढग हा खालचा स्तरमेघ किंवा धुके. हिमालयातील बर्फही दृश्य प्रतिमेत पांढरेच दिसते. ते दऱ्यांच्या फाट्यांप्रमाणे शाखायुक्त असते, जागेवरून हलत नाही आणि १.६ मायक्रोमीटरच्या प्रतिमेत काळसर होते, तर जलबिंदूंचे ढग तेथेही उजळच राहतात.

खरी अडचण मधल्या करड्या छटांची आहे. विरळ तंतुमेघातून खालच्या उबदार पृष्ठभागाचे प्रारण झिरपते, म्हणून मोजलेले तापमान वाढते व ढग प्रत्यक्षापेक्षा खाली असल्याचा भास होतो. छोटे राशिमेघ प्रतिमेच्या एका बिंदूचा काहीच भाग व्यापतात. तेथेही ढग आणि जमीन यांची सरासरी मिळून तसलीच करडी छटा येते. दोन्ही बिंदूंचे तापमान एकच, ढग मात्र पूर्णतः भिन्न. १९८३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१बी या भारतीय उपग्रहाच्या अवरक्त प्रतिमेचा बिंदू ११ किमी. होता, २०१३ च्या इन्सॅट-३डी चा ४ किमी. आहे, दोष त्याने कमी झाला, संपला नाही. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे ११ व १२ मायक्रोमीटर या दोन पट्ट्यांतील तापमानांची वजाबाकी. हिमकण १२ मायक्रोमीटरजवळ अधिक शोषण करीत असल्याने विरळ तंतुमेघावर हा फरक वाढतो. जपानी संशोधक तोशिरो इनोऊए यांनी १९८० च्या दशकात त्यावर आधारलेले मेघवर्गीकरण मांडले. इन्सॅट-३डी वर या दोन्ही पट्ट्या आहेत. आधीच्या कल्पना-१ या भारतीय उपग्रहावर तरंगलांबीच्या या भागात एकच अवरक्त पट्टी होती.

रात्रीच्या धुक्यासाठी ३.९ मायक्रोमीटरची पट्टी वापरतात. बारीक जलबिंदूंची उत्सर्जकता (प्रारण बाहेर टाकण्याची क्षमता) या तरंगलांबीला ११ मायक्रोमीटरपेक्षा कमी असते, म्हणून धुक्यावर दोन्ही तापमानांत काही अंशांचा फरक पडतो. हिवाळ्यात गंगेच्या मैदानावरील धुके असेच ओळखतात. ढगाचा तळ जमिनीला टेकला आहे की शे-दोनशे मीटर वर आहे, हे मात्र या पद्धतीने सांगता येत नाही.

संगणकीय वर्गीकरणात सर्वांत प्रभावी ठरली ती जुलै १९८३ पासून माहिती गोळा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपग्रह मेघविज्ञान प्रकल्पाची चौकट. तीत माथ्यावरील हवेच्या दाबाचे (दाब जितका कमी, तितका माथा उंच) ६८० व ४४० हेक्टोपास्कल आणि प्रकाशीय जाडीचे (ढग प्रकाश किती अडवितो याच्या मापाचे) ३.६ व २३ असे प्रत्येकी दोन उंबरठे धरून नऊ कप्पे पाडले आहेत व प्रत्येकाला परिचित मेघनाम दिले आहे. हे नामकरण वादग्रस्त आहे. संततधार पाऊस देणाऱ्या वर्षास्तरमेघाला मध्यम उंचीच्या माथ्याचा कप्पा दिला आहे, पण प्रत्यक्षात त्याचा माथा अनेकदा ४४० हेक्टोपास्कलच्या पातळीहून उंच जातो आणि मग त्याची गणना उंच ढगांत होते. शिवाय प्रकाशीय जाडी दिवसाच मोजता येते. हान, रॉसो व वॉरेन यांनी २००१ मध्ये जमिनीवरील नोंदींशी केलेल्या तुलनेतही नावांचा मेळ सैलच आढळला. हे कप्पे भौतिक गुणधर्मांचे वर्ग म्हणून वापरणे सुरक्षित. त्यांची नावे शब्दशः घेऊ नयेत.

भारतीय उपखंडात पद्धतीची उपयुक्तता आणि मर्यादा दोन्ही मॉन्सूनमध्ये दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील डी. आर. सिक्का आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुलोचना गाडगीळ यांनी १९८० मध्ये उपग्रह चित्रांवरून कमाल मेघपट्टा (सर्वाधिक ढगांचा पट्टा) विषुववृत्तीय सागराकडून उत्तरेस भूमीकडे वारंवार सरकत असल्याचे दाखविले. उलट कोकण व सह्याद्रीत केवळ माथ्याच्या तापमानावरून पाऊस मोजणे फसवे ठरते. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ फिलिप आर्किन यांच्या पाऊस अंदाजण्याच्या पद्धतीत २३५ केल्विनपेक्षा, म्हणजे सुमारे −३८° से. पेक्षा, थंड माथेच पावसाचे धरले जातात. घाटाला अडून वर चढणारे उथळ, उबदार माथ्यांचे ढगही येथे भरपूर पाऊस देतात. ते या उंबरठ्यात येतच नाहीत. याउलट, जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या थरातील पूर्वेकडून वाहणारा जोरदार झोत गर्जन्मेघांचे शेंडे पश्चिमेकडे दूरवर पसरवितो. त्यांच्या विस्तीर्ण पांढऱ्या चादरीखाली पुष्कळदा काहीच पडत नसते. प्रतिमांची मालिका हलती पाहिल्यास मूळ ढग व त्याचा पसरलेला माथा वेगळे करता येतात.

ढगाचे स्थान वाचतानाही दृष्टिभेद, म्हणजे तिरके पाहिल्याने उंच माथा जागेवरून सरकलेला भासणे, लक्षात घ्यावा लागतो. ८२° पूर्व रेखांशावरील उपग्रहातून पाहता मुंबईवरील १५ किमी. उंचीचा माथा प्रतिमेत सुमारे ७ किमी. वायव्येस सरकलेला दिसतो.

एप्रिल २००६ मध्ये एकत्र सोडलेल्या क्लाउडसॅट व कॅलिप्सो या उपग्रहांनी अनुक्रमे रडार आणि लेसर वापरून ढगांचे उभे छेद दिले. त्यामुळे एकावर एक असलेल्या थरांची पडताळणी शक्य झाली, पण त्यांची दृष्टी कक्षेखालच्या अरुंद पट्ट्यापुरतीच होती. यंत्रशिक्षणावर आधारलेल्या अलीकडच्या काही वर्गीकरणांना हेच छेद नमुना म्हणून दिले जातात.