जुना ‘डॉक्टर हू’ कुठून बघायचा, त्याआधी थोडी पार्श्वभूमी

भाचा मे महिन्यात मालवणला आलेला. कॉलेजातला पोरगा, ‘डॉक्टर हू’ (बीबीसीची सायन्स फिक्शन सिरीयल, डॉक्टर नावाचा परग्रहावरचा माणूस काळात मागेपुढे फिरतो) नवीन म्हणजे २००५ पासूनची सगळी तोंडपाठ, आणि आता म्हणे मामा मला जुनं पण बघायचंय. मी म्हटलं बघ की. तर हा बहाद्दर सरळ १९६३ च्या पहिल्या भागापासून बसला. पहिला भाग आवडला त्याला, आवडतोच सगळ्यांना, धुक्यातलं भंगाराचं आवार, त्यात उभी पोलिसांची निळी पेटी (हेच त्याचं काळात फिरायचं यान), आत पाऊल टाकलं तर ही एवढी मोठी खोली. पण त्या गोष्टीचे पुढचे तीन भाग गुहेतली माणसं आग कोण पेटवणार यावरून भांडत बसतात. तिसऱ्या भागाला पोरगा पंख्याखाली घोरत होता.

त्याची चूक नाही. पहिल्यापासून सुरू कर हा सल्ला बाकी सिरीयलला चालतो, हिला चालत नाही, आणि का चालत नाही ते कळायला ती बनली कशी हे जरा बघावं लागतं.

जुनं म्हणजे २३ नोव्हेंबर १९६३ ते ६ डिसेंबर १९८९. २६ सीझन, सात डॉक्टर (म्हणजे तेच काम करणारे सात नट), बहुतेक पंचवीस-पंचवीस मिनिटांचे जवळपास ७०० भाग. एक गोष्ट साधारण चार नाहीतर सहा भागांची, आठवड्याला एक भाग, बरीच वर्षं शनिवारी संध्याकाळी. बीबीसीत ड्रामा विभागाचा प्रमुख होता सिडनी न्यूमन, मूळचा कॅनडाचा, त्याला मुलांना थोडं शिकवणारी पण घरातल्या सगळ्यांनी बसून बघावी अशी सिरीयल हवी होती. म्हणून तर डॉक्टरबरोबर पहिल्या फेरीत जे दोघं अडकतात ते शाळेतले मास्तर आहेत, एक सायन्सचा आणि एक इतिहासाची बाई. एकदा भूतकाळात जा, एकदा भविष्यात जा, आणि न्यूमनची ताकीद अशी की बटबटीत डोळ्यांचे राक्षस बिक्षस अजिबात नकोत. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट तेव्हा २७ वर्षांची, आणि पहिल्या गोष्टीचा दिग्दर्शक वारिस हुसेन २४ वर्षांचा, जन्म लखनऊचा. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा नीट उठून बसला.

पहिला भाग लागला त्याच्या आदल्या दिवशी अमेरिकेत केनेडींचा खून झालेला, कुणाचं लक्ष असणार? पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला परत दाखवला. आणि मग दुसऱ्याच गोष्टीत टेरी नेशन नावाच्या लेखकाने नेमके राक्षसच आणले, डालेक. न्यूमन चिडला म्हणतात, पण तोवर एक कोटी लोक बघायला लागले होते. डालेक म्हणजे चाकावर सरकणारं मोठं मिठाचं भांडं, एक दांडा डोळ्याचा, एक बंदुकीचा, आणि एक चक्क संडास तुंबला की वापरतात तो रबरी पंप. आमची आई मागून जाता जाता थांबली, म्हणाली, “ह्यो डबो कित्याक आरडता रे?” ६० वर्षांत डालेकचं एवढं नेमकं वर्णन कुणी केलं नसेल.

आता मुख्य घोळ. सगळं क्रमाने बघतो म्हटलं तरी बघता येत नाही, कारण साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग आज नाहीतच. बीबीसीने स्वतःच पुसले, १९७८ पर्यंत हे चालू होतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण आमच्या घरी काकाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती, तिच्यावर कुणीतरी १९९६ च्या वर्ल्डकपची मॅच रेकॉर्ड केली, आता त्या कॅसेटमध्ये अंतरपाट धरलाय आणि एकदम जयसूर्या बॅटिंग करतोय (आणि त्यावरही पावसाळ्यात बुरशी आली ते वेगळंच). काकू अजून बोलतात त्यावरून. तर तसंच. टेप महाग होती, पुसून परत वापरता यायची, कलाकारांच्या युनियनशी करार असे की जुनं वाट्टेल तितक्या वेळा दाखवता येणार नाही, त्यात कलर टीव्ही आला मग ब्लॅक अँड व्हाइट कोण परत लावणार. घरी बसून पुन्हा बघता येईल हे तर कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

वाचले ते बहुतेक परदेशी चॅनलना विकलेल्या फिल्मच्या प्रतींमुळे. ‘टूम ऑफ द सायबरमेन’ ही १९६७ ची गोष्ट १९९१ मध्ये हाँगकाँगहून परत आली. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून आलेले नऊ हरवलेले भाग जाहीर झाले. बाकीच्यांचा आवाज तरी आहे, कारण तेव्हा काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसायची, त्या आवाजावर आता बऱ्याच गोष्टींचं ॲनिमेशन केलंय. मला त्यातलं काही फार आवडत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

डॉक्टर बदलतो ही भानगडही अडचणीतूनच निघाली. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल १९६६ मध्ये तब्येतीमुळे सोडून गेला, सिरीयल तर चालत होती, मग काय, डॉक्टर जमिनीवर पडला आणि उठला तो पॅट्रिक ट्राउटन. गंमत म्हणजे तो अख्खा भाग हरवलाय, फक्त बदलायचा तेवढा तुकडा शिल्लक आहे, कारण ‘ब्लू पीटर’ नावाच्या मुलांच्या कार्यक्रमात तो दाखवला होता. भाच्याला विचारलं, तुला हे विचित्र वाटलं नाही कधी? नाही म्हणाला. आपल्याकडच्या माणसाला वाटूच नये. दशावतारात गेल्या वर्षीचा राजा दुसऱ्या कंपनीत जातो, यंदा वेगळाच माणूस तोच मुकुट चढवून येतो, आवाज वेगळा, चाल वेगळी, पण पेटी मृदंग सुरू झाला की तोच राजा. आणि तिथे असतं काय, एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच डोंगर, तेच रथ. त्या बाकड्याला कुणी हसत नाही कारण बोलणारा खणखणीत असतो. जुना डॉक्टर हू असाच बघायचा. सेट हलतो, राक्षसाच्या पाठीची चेन दिसते, आपण बोलणाऱ्याकडे बघायचं.

मग सुरुवात कुठून? माझं मत, जानेवारी १९७० ची ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’. चार भाग. कलर इथून सुरू होतो, तिसरा डॉक्टर जॉन पर्टवी नवीन आलेला आहे, आणि आधीच्या गोष्टीत डॉक्टरच्या जमातीने त्याला शिक्षा म्हणून पृथ्वीवर टाकलेलं असल्यामुळे (दर आठवड्याला नवा ग्रह उभारण्यापेक्षा हे स्वस्तही पडायचं) मागचं काही माहीत असायची गरज नाही. तेव्हा बीबीसीत संप होता, स्टुडिओ मिळेना, म्हणून अख्खी गोष्ट बाहेर फिल्मवर शूट केली, म्हणून ती आजही देखणी दिसते. दुकानाच्या काचेतले पुतळे जिवंत होऊन रस्त्यावर येतात तो सीन आल्यावर भाचा ओरडलाच, अरे हे तर २००५ च्या पहिल्या भागात आहे! आहेच. तेच पुतळे परत घेऊन नवीन सिरीयल सुरू केली होती.

त्यानंतर टॉम बेकर, १९७४ ते ८१, सगळ्यात जास्त टिकलेला. त्याचा तो लांबच लांब मफलर, विणणाऱ्या बाईला लोकर जास्त दिली आणि तिने सगळीच विणून टाकली, म्हणून तेवढा झाला. त्याच्यातली हलकीफुलकी हवी तर १९७९ ची ‘सिटी ऑफ डेथ’, पॅरिसमध्ये शूट केलेली, विनोदी लेखक डग्लस ॲडम्सचा हात लागलेली, तळघरात सहा मोनालिसा ठेवल्यात. शेवटचा भाग १ कोटी ६० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला, अर्थात समोरचं चॅनल संपामुळे बंद होतं हेही सांगायला पाहिजे.

आणि जड हवी तर १९७५ ची ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’. सहा भाग, युद्धाने चिरडलेला ग्रह, चाकाच्या खुर्चीतला शास्त्रज्ञ डॅव्हरॉस डालेक बनवतोय, आणि डॉक्टरला ते जन्मण्याआधीच थांबवायला पाठवलंय. हिच्यात एक जागा मात्र मी आधीच सांगून ठेवतो, गुहेत राक्षसी शिंपले आहेत आणि ते डॉक्टरचा साथीदार हॅरी, त्याचा पाय पकडतात. मालवणच्या माणसाने हे बघून हसू नये अशी अपेक्षा करणं चूक आहे. भाचा म्हणाला मामा ह्याची एकशिपी (आमच्याकडचा शिंपल्यांचा पदार्थ) केली असती आपण, आणि दहा मिनिटं आम्ही गोष्ट थांबवून तेच बोलत होतो. पण दोन सीननंतर परत सगळे गप्प.

ऐंशीचं दशक मी फार सांगत नाही. मधे १८ महिने सिरीयल बंद होती, बजेट आटलं, लोक कमी झाले. तरी १९८४ ची ‘केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ सोडू नका. आणि १९८८ ची ‘रिमेम्ब्रन्स ऑफ द डालेक्स’ बघायच्या आधी १९६३ चा तो पहिला भाग, फक्त पहिला, परत बघा, कारण ती तिथेच घडते, तीच शाळा, तेच भंगाराचं आवार.

एक मात्र पाळायचं, रोज एकच भाग. आठवडाभर जीव टांगणीला लागावा म्हणून शेवट लिहिलेत, सलग सहा लावले तर दर पंचवीस मिनिटांनी कुणीतरी उगाच किंचाळतंय असं वाटतं. भाच्याला हे पटेना, पण आमच्याकडे रोज संध्याकाळी लाईट जात असल्यामुळे त्याला पाळावं लागलं. ‘जेनेसिस’चे पाच भाग झाले आणि त्याची सुट्टी संपली. सहावा डाउनलोड नको, गाडीतच बघतो म्हणाला, कुडाळला तुतारी एक्सप्रेसमध्ये बसवून दिला. रात्री उशिरा उक्षीच्या आसपास त्याचा मेसेज पडला: मामा, डॉक्टर दोन वायरी हातात धरून उभा आहे, जोडल्या तर डालेक संपले, जोडू की नको विचारतोय, आणि नेमका करबुड्याचा बोगदा आला, साडेसहा किलोमीटर!