स्पार्टाक मॉस्को

स्पार्टाक मॉस्को : रशियाच्या राजधानीतील व्यावसायिक फुटबॉल क्लब. सोव्हिएट साखळीतील बारा आणि १९९२ नंतरच्या रशियन साखळीतील दहा विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. लाल अंगी आणि छातीवर आडवा पांढरा पट्टा हा त्याचा गणवेश. सोव्हिएट संघराज्यातील बहुतेक मोठे क्लब कुठल्या ना कुठल्या सरकारी यंत्रणेचे होते. दिनामो पोलीस व सुरक्षायंत्रणेचा, आजचा सेस्का लष्कराचा, लोकोमोटिव्ह रेल्वेचा. स्पार्टाकला आधार होता तो कारागिरांच्या सहकारी संस्थांचा. ‘लोकांचा संघ’ हे बिरुद त्याला चिकटले त्यामागे हा फरक आहे.

क्लबचे स्थापनावर्ष १९२२ धरावे की १९३५, याबद्दल एकमत नाही. क्लबने १९२२ हे वर्ष अधिकृतपणे स्वीकारले असून २०२२ मध्ये शताब्दीही साजरी केली. मॉस्कोच्या प्रेस्न्या या कामगारवस्तीत १९२२ च्या वसंतात ‘मॉस्को क्रीडा मंडळ’ स्थापन झाले आणि १८ एप्रिल रोजी त्याने पहिला सामना झामोस्क्वोरेच्येच्या संघाविरुद्ध ३–२ असा जिंकला, अशी नोंद आहे. मंडळाच्या उभारणीत इव्हान आर्तेम्येव्ह यांचा पुढाकार होता. सामन्यांच्या तिकिटांतून पैसा उभा करून खेळाडूंनी स्वतःच्या श्रमाने मैदान तयार केले. क्रांतीपूर्वीच्या ‘सोकोल’ या व्यायामसंस्थेत खेळलेली काही मंडळी या संघात होती. त्यामुळे क्लबचे मूळ एकोणिसाव्या शतकापर्यंत नेण्याचे प्रयत्न अधूनमधून होतात. पण काही माणसे समान होती एवढ्यावरून संस्था एकच होती असे म्हणणे कठीण आहे.

पुढे संघाचे नाव आश्रयदात्यानुसार बदलत गेले. १९२३ पासून तो ‘क्रास्नाया प्रेस्न्या’ या नावाने खेळू लागला. १९२६ मध्ये अन्नउद्योगातील कामगार संघटनेने त्याला जवळ केले आणि तो ‘पिश्चेविकी’ झाला. प्रतिस्पर्ध्यांचे पाठीराखे स्पार्टाकला ‘म्यासो’, म्हणजे मांस, म्हणून डिवचतात ते या काळापासून; आज स्पार्टाकचे पाठीराखे हेच नाव अभिमानाने मिरवतात. १९३० च्या दशकाच्या आरंभी तंबाखू कारखान्याच्या ‘दुकात’ या नावाने आणि नंतर ‘प्रोमकोओपेरात्सिया’ म्हणून संघ ओळखला गेला. शिंपी, न्हावी, उपाहारगृहांतील कर्मचारी अशा लहान व्यावसायिकांच्या सहकारी संस्थांचा हा महासंघ होता. त्याच्याच आधाराने १९ एप्रिल १९३५ रोजी ‘स्पार्टाक’ ही अनेक खेळांची क्रीडासंस्था स्थापन झाली आणि फुटबॉल संघ तिचा भाग बनला.

संस्था म्हणून पाहिल्यास १९३५ हे वर्ष निर्विवाद आहे. मात्र खेळाडू, चालक, वस्ती आणि प्रेक्षकवर्ग यांचे सातत्य ध्यानात घेतल्यास १९२२ चा दावा निराधार ठरत नाही, आणि एकंदरीत तोच अधिक ग्राह्य वाटतो. अडचण निराळी आहे. १९२२ ते १९३५ या काळाविषयी जे सांगितले जाते त्यातील बराच भाग संघाचे खेळाडू आणि पुढे क्लबचे प्रमुख राहिलेले निकोलाय स्तारोस्तिन (मृ. १९९६) यांनी पुढे अनेक दशकांनंतर कथन केलेल्या आठवणींवर उभा आहे. त्यांत आर्तेम्येव्ह यांचा वाटा झाकोळला गेला, असे अलीकडील अभ्यासक नमूद करतात.

नावाच्या उगमाचीही तीच गत. स्तारोस्तिन यांच्या सांगण्यानुसार, नावावर खल चालू असताना टेबलावर पडलेली जोव्हान्योली या इटालियन लेखकाची स्पार्टाकसवरील कादंबरी त्यांच्या नजरेस पडली आणि प्रश्न सुटला. जर्मनीतील स्पार्टाकसवादी क्रांतिकारकांशी किंवा एखाद्या जर्मन कामगार संघाशीही या नावाचा संबंध जोडला जातो. या पर्यायांपैकी एकच निवडण्याची निकड नाही. रोमन गुलामांच्या उठावाचा हा नायक १९२० च्या दशकातील सोव्हिएट जीवनात सर्वत्र होता. १९२८ मध्ये मॉस्कोत भरलेल्या क्रीडामहोत्सवालाही ‘स्पार्टाकियाद’ म्हटले गेले होते. वातावरणात असलेले नाव निवडले गेले, एवढे खात्रीने म्हणता येते.

निकोलाय, अलेक्सांद्र, आंद्रेय व प्योत्र हे चौघे स्तारोस्तिन बंधू संघातून खेळले. थोरल्या निकोलायकडे संघटनेचीही सूत्रे होती. युवक संघटना कोम्सोमोलचे प्रमुख अलेक्सांद्र कोसारेव्ह हे क्लबचे पाठीराखे होते. स्पार्टाक सत्तेपासून अलिप्त होता ही समजूत म्हणून दुरुस्त करावी लागते : पोलीस आणि लष्कर यांच्याबाहेरचा, परंतु राजकीय छत्र असलेला क्लब असे त्याचे वर्णन अधिक अचूक ठरेल. कोसारेव्ह यांच्यामुळेच जुलै १९३६ मध्ये तांबड्या चौकात, स्टालिन यांच्यासमोर, स्पार्टाकच्या दोन संघांत प्रदर्शनीय सामना झाला. त्यासाठी दगडी फरशीवर प्रचंड नमदा अंथरला होता. स्टालिन कंटाळल्यास कोसारेव्ह यांनी पांढरा रुमाल हलवून खूण करायची असे ठरले होते. तशी वेळ आली नाही आणि अर्ध्या तासाचा सामना त्रेचाळीस मिनिटे चालला. राष्ट्रीय साखळी स्पर्धा त्याच वर्षी सुरू झाली. तिचे वसंतातील पहिले विजेतेपद दिनामोने, शरद ऋतूतील दुसरे स्पार्टाकने मिळवले. १९३७ मध्ये सोव्हिएट दौऱ्यावर आलेल्या, स्पेनमधील बास्क प्रदेशाच्या संघाला स्पार्टाकने ६–२ असे हरवले. पाहुण्यांना या दौऱ्यात हरवणारा हा एकमेव संघ. मात्र त्यात इतर क्लबांतून उसने घेतलेले खेळाडूही होते, हे येथे सांगायला हवे. १९३८ व १९३९ अशी दोन्ही वर्षे साखळी आणि चषक दोन्ही स्पार्टाककडे गेले.

१९३९ च्या चषकाची हकीकत सोव्हिएट फुटबॉलमधील सत्ताकारणाचा ठळक नमुना आहे. उपांत्य सामन्यात स्पार्टाकने जॉर्जियातील तिबिलिसीच्या दिनामोला १–० असे हरवले. चेंडू गोलरेषा ओलांडून गेलाच नव्हता, अशी तक्रार झाली. सप्टेंबरमध्ये स्पार्टाकने लेनिनग्राडच्या ‘स्टालिनेत्स’ला ३–१ असे नमवून चषक जिंकला. त्यानंतर, म्हणजे अंतिम सामना होऊन गेल्यावर, उपांत्य सामना पुन्हा खेळवण्याचा आदेश निघाला. त्यामागे गुप्त पोलिसांचे प्रमुख आणि दिनामो संस्थेचे मानद प्रमुख असलेले, मूळचे जॉर्जियाचे लाव्हरेन्ती बेरिया होते असे मानले जाते. स्पार्टाकने तो सामनाही ३–२ असा जिंकला. बेरिया तरुणपणी आपल्याविरुद्ध खेळले होते, असे निकोलाय सांगत. याला त्यांच्या कथनापलीकडे भक्कम आधार मिळत नाही.

कोसारेव्ह यांना १९३९ मध्येच गोळ्या घातल्या गेल्या होत्या. मार्च १९४२ मध्ये चौघे भाऊ अटकेत गेले. लुब्यांका या गुप्त पोलिसांच्या मुख्यालयातील दीर्घ चौकशीनंतर १९४३ मध्ये त्यांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. स्टालिन यांच्या हत्येच्या कटाचा मूळचा आरोप टिकला नाही. मालाची अफरातफर आणि ‘भांडवलशाही खेळाचा प्रचार’ यांवर भागवण्यात आले. ही बेरियांची सूडबुद्धी होती, असे स्पार्टाकच्या परंपरेत मानतात. अभिलेखागारे खुली झाल्यावर काही संशोधकांनी आर्थिक गैरव्यवहाराचे आणि खेळाडूंना लष्करभरतीतून वाचवल्याचे आरोप सर्वस्वी बनावट नसावेत, असे मत मांडले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. टंचाईच्या अर्थव्यवस्थेत सहकारी क्लब चालवताना नियमांची मोडतोड होत असे. पण अशा मोडतोडीबद्दल श्रमछावणीत दहा वर्षे कुणाला घालवावी लागली, हे राजकारणाने ठरत होते. छावण्यांतही निकोलाय यांना स्थानिक अधिकाऱ्यांनी फुटबॉल संघ शिकवण्याचे काम दिले. १९४८ मध्ये स्टालिन यांचे पुत्र वसिली यांनी त्यांना हवाईदलाच्या संघासाठी मॉस्कोत आणले. बेरियांच्या माणसांनी त्यांना पुन्हा शहराबाहेर घालवले. स्टालिन यांच्या मृत्यूनंतर सुटका होऊन १९५५ मध्ये ते निर्दोष ठरले आणि क्लबचे प्रमुख म्हणून परतले. मधल्या एका छोट्या खंडाचा अपवाद सोडता मृत्यूपर्यंत ते त्या पदावर होते.

१९५० च्या दशकात स्पार्टाकने चार वेळा साखळी जिंकली. इगोर नेत्तो (कर्णधार), निकिता सिमोन्यान, सेर्गेय सालनिकोव्ह, अनातोली इलिन हे त्या संघाचे आधारस्तंभ. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या सोव्हिएट संघात निम्म्याहून अधिक खेळाडू स्पार्टाकचे होते. उपांत्य फेरीत भारताला ४–१ असे हरवून आलेल्या युगोस्लाव्हियाविरुद्ध अंतिम सामन्यातील एकमेव गोल इलिन यांचा होता.

१९७६ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. तेव्हा प्रशिक्षक म्हणून निवड झाली ती जुने दिनामो खेळाडू कोन्स्तान्तीन बेस्कोव्ह यांची. त्यांनी लहान, वेगवान पासांवर बेतलेली शैली घडवली. १९७८ मध्ये संघ वरच्या श्रेणीत आला आणि पुढच्याच वर्षी विजेता ठरला. गोलरक्षक रिनात दासायेव्ह, युरी गाव्रिलोव्ह आणि फ्योदर चेरेन्कोव्ह ही या शैलीची नावे. चेरेन्कोव्ह (१९५९–२०१४) एकही विश्वचषक खेळले नाहीत, तरी पाठीराख्यांच्या प्रेमात त्यांची बरोबरी क्वचितच कुणी केली असेल.

२० ऑक्टोबर १९८२ रोजी लुझनिकीच्या लेनिन स्टेडियममध्ये हार्लेम या डच क्लबविरुद्धच्या यूएफा (युरोपियन फुटबॉल महासंघ) चषक सामन्याच्या अखेरीस चेंगराचेंगरी झाली. कडाक्याची थंडी होती, पायऱ्यांवर बर्फ गोठला होता आणि बहुतेक प्रेक्षकांना पूर्वेकडील भागात एकत्र बसवले होते. एका जिन्यावर लोक एकमेकांवर कोसळले आणि ६६ जण मरण पावले. त्यांत बहुसंख्य किशोरवयीन मुले होती. शेवटच्या क्षणी सेर्गेय श्वेत्सोव्ह यांनी दुसरा गोल केला, तेव्हा बाहेर पडणारे मागे वळले आणि खालून-वरून येणाऱ्यांची टक्कर झाली, हे स्पष्टीकरण दीर्घकाळ प्रचलित होते. उतरताना कोणीतरी पडल्याने मागून येणारे त्यावर कोसळत गेले, हा तपासातील निष्कर्ष अधिक पटण्याजोगा आहे. दुसऱ्या दिवशी एका सायंदैनिकात काही ओळींची मोघम बातमी आली. पुढे सात वर्षे मौन होते. १९८९ मध्ये ‘सोव्हिएट्स्की स्पोर्त’ या क्रीडादैनिकाने मृतांची संख्या ३४० असल्याचे छापले. तपासाच्या कागदपत्रांत या आकड्याला आधार सापडत नाही, परंतु इतकी वर्षे काहीच न सांगितल्यामुळे तो लोकांना खरा वाटला. स्टेडियमजवळ १९९२ मध्ये स्मारक उभारले गेले.

ओलेग रोमान्त्सेव्ह यांच्या प्रशिक्षणाखाली १९९०–९१ मध्ये स्पार्टाकने नापोली व रेआल माद्रिद यांना बाहेर काढत युरोपियन चषकाची उपांत्य फेरी गाठली. १९९२ ते २००१ या दहा हंगामांपैकी नऊ स्पार्टाकने जिंकले. केवळ १९९५ चे विजेतेपद व्लादिकाव्काझच्या संघाकडे गेले. १९९५–९६ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये गटातील सहाही सामने त्याने जिंकले होते. १९९७ मध्ये क्लबच्या महासंचालक लारिसा नेचायेवा यांची हत्या झाली. २००४ च्या सुमारास मालकी तेलउद्योजक लेओनिद फेदून यांच्याकडे आली. इटालियन प्रशिक्षक मास्सिमो कारेरा यांच्या काळात २०१७ मध्ये दहावे रशियन विजेतेपद मिळाले.

दीर्घकाळ इतरांच्या मैदानांवर खेळलेल्या या क्लबचे सुमारे ४५,००० आसनांचे स्टेडियम २०१४ मध्ये तुशिनोच्या जुन्या विमानतळाच्या जागी खुले झाले. तेथे स्तारोस्तिन बंधूंचा पुतळा आहे. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर यूएफाने रशियन क्लबांवर बंदी घातली आणि युरोपा लीगच्या बाद फेरीत पोचलेला स्पार्टाक स्पर्धेतून बाहेर पडला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने अंतिम सामन्यात दिनामोला २–१ असे हरवून रशियन चषक जिंकला; ऑगस्टमध्ये फेदून क्लबमधून बाहेर पडले व मालकी लुकॉइल या तेलकंपनीकडे गेली.