जीएनएम की बीएस्सी नर्सिंग?

‘मुलीला नर्सिंगला घातलंय’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, जीएनएमला की बीएस्सीला? बऱ्याच आईवडिलांना दोन्ही एकच वाटतं. काहींना एक हलकं, दुसरं भारी वाटतं. दोन्ही समजांनी मुलीचंच नुकसान होतं.

जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, ही तीन वर्षांची पदविका. बारावी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या कला शाखेच्या मुलींनाही तिथे जाता येतं. बीएस्सी चार वर्षांची. तिला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं आणि पदवी देतं आपल्या नाशिकच्या म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. पण पदवी हाती आली म्हणून लगेच ड्युटी करता येत नाही. त्यासाठी मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी हवी, आणि ती दोघींची सारखीच असते: परिचारिका आणि प्रसविका, म्हणजे बाळंतपण करणारी.

म्हणजे पहिल्या ड्युटीला दोघी एकाच वॉर्डात, एकाच इन्चार्ज सिस्टरच्या हाताखाली. माझ्या पाहण्यात जीएनएमच्या मुलीचा हात लवकर बसतो. सलाईन लावताना ती अडखळत नाही, ड्युटी बदलताना पेशंटचा हॅन्डओव्हर नेमका देते, रात्री तीन पेशंट एकदम बिघडले तर आधी कुणाकडे धावायचं हे तिला उमगतं. बीएस्सीची मुलगी केस पेपर वाचून ‘हा डोस का कमी केला?’ असं विचारते. औषधशास्त्र, संशोधन, व्यवस्थापन तिने जास्त खोलात शिकलेलं असतं. सुरुवातीचे काही महिने तिचे हात मागे पडतात, पण ती उणीव वॉर्ड भरून काढतो. इंटर्नशिप दोन्हीकडे शेवटी असतेच.

फरक जाणवतो तो पुढे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला बीएस्सीवाली पास होताच बसू शकते. जीएनएमवालीला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. एमएस्सी करायची किंवा कॉलेजात शिकवायचं तर पदवी लागतेच. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून तिथवर पोहोचता येतं, हे मुलींना कुणी सांगतच नाही.

प्रवेश घेताना मात्र कोर्सच्या नावाआधी रुग्णालय पाहा. कॉलेजचं स्वतःचं आहे का? खाटा भरलेल्या असतात का? लेबर रूममध्ये मुलींना खरंच हात लावू देतात, की नुसतं लांबून बघायला लावून लॉगबुक भरून घेतात? माहितीपत्रकात हे सापडणार नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारा.