त्रिकोणाची असमानता

तीन मापे दिली असता त्यांच्यापासून त्रिकोण तयार होतो की नाही, हे ठरवणारा भूमितीतील नियम. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठी असते. उलट दिशेनेही हे खरे आहे : तीन मापे ही अट पाळत असतील तर तेवढ्या बाजूंचा त्रिकोण काढता येतोच.

पडताळणीला एकच बेरीज पुरते. सर्वांत मोठे माप बाजूला काढावे आणि उरलेल्या दोहोंची बेरीज त्याहून जास्त भरते का ते पाहावे. शाळेत तिन्ही बेरजा करायला लावतात. पण बाकीच्या दोन बेरजांमध्ये मोठी बाजू आधीच आलेली असल्याने त्या आपोआप जुळतात. मुले चुकतात ती नेमकी इथेच. ३, ९, ५ ही मापे दिली की पहिल्या दोहोंची बेरीज १२ येते, ती ५ पेक्षा जास्त, म्हणून ‘त्रिकोण होतो’ असे लिहून मोकळी होतात. खरे तर ३ आणि ५ मिळून ८ च होतात. ९ सेंटीमीटरचा रेषाखंड काढून एका टोकावरून ५ चा आणि दुसऱ्यावरून ३ चा कंस मारला, तर दोन्ही कंसांत १ सेंटीमीटरची फट राहते. ३ च्या जागी ४ घेतले की कंस रेषाखंडावरच एकमेकांना टेकतात. तिन्ही बिंदू एकरेषीय होतात, त्रिकोण नाही. ४ ला थोडे ओलांडले की चपटा का होईना, त्रिकोण उभा राहतो. तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढून देणाऱ्या हेरॉनच्या सूत्रातही हेच दिसते. ३, ५, ९ घातल्यास वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि क्षेत्रफळ निघतच नाही.

ग्रीक गणिती युक्लिडने ‘मूलतत्त्वे’ या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात हा नियम विसावे विधान म्हणून सिद्ध केला, तीन रेषांपासून त्रिकोण काढण्याची रीत बाविसाव्यात आहे. हे तर गाढवालाही कळते, चाऱ्याकडे ते वळसा न घालता सरळच जाते, अशी एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या अनुयायांनी टवाळी केल्याचे युक्लिडचा भाष्यकार प्रोक्लस याने नोंदवले आहे. त्यावर त्याचे उत्तर असे, की दिसणे वेगळे आणि का ते सांगणे वेगळे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) हा नियम थेट पडताळणीच्या रूपात येतो, आणि मराठी वाचकाला तो युक्लिडपेक्षा जवळचा वाटावा. एका बाजूपेक्षा इतर बाजूंची बेरीज कमी किंवा तिच्याइतकीच असेल, तर ती आकृती ‘अक्षेत्र’, म्हणजे क्षेत्रच नव्हे, असे समजावे. उदाहरणे दोन : ३, ६, ९ चा त्रिकोण आणि २, ६, ३, १२ चा चौकोन. असली मापे सांगणाऱ्याला त्यांनी ‘धृष्ट’ (उद्धट) म्हटले आहे. तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या मांडून अशक्यता दाखवावी, असेही सुचवले आहे. मराठवाड्यातील कोणत्याही शाळेत हा प्रयोग तुराट्यांनी, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांनी, करता येईल : ३ आणि ६ वितींच्या तुराट्या ९ वितींच्या तुराटीवर आडव्याच पडतात, उभ्या राहतच नाहीत. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद आहे.

नकाशावरचे चांगले उदाहरण जालना, परभणी आणि नांदेडचे. सरळ रेषेत जालना ते परभणी सुमारे ११३, परभणी ते नांदेड सुमारे ५८ आणि जालना ते नांदेड सुमारे १६९ किलोमीटर. बेरीज १७१, म्हणजे त्रिकोण होतो, पण अगदीच चपटा. हीच तीन अंतरे रेल्वेच्या वेळापत्रकातून घेतली तर त्रिकोण होत नाही. मनमाड–सिकंदराबाद मार्गावर परभणी वाटेतच लागते, त्यामुळे दोन टप्प्यांची बेरीज तिसऱ्या अंतराइतकीच भरते. अंतर कशावरून मोजले, हे विचारल्याशिवाय नियम लावू नये तो यासाठी.

शेतमोजणीत नियमाचा उपयोग चूक पकडण्याला होतो. वावराच्या तिकोनी तुकड्याचे तीन धुरे (कडेचे बांध) ४०, ६५ आणि ११० फूट लिहून आले, तर टेप कुठेतरी चुकीचा वाचला गेला आहे, हे जागेवर न जाताही सांगता येते. चौकोनी वावराचे दुखणे मात्र वेगळे. चार धुरे ठरले तरी आकार ठरत नाही. कर्ण न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्य चक्क पिशाच म्हणतात. तरीही समोरासमोरच्या धुऱ्यांची सरासरी काढून गुणाकार करण्याची रीत व्यवहारात आढळते. वावर काटकोनी नसेल तर ती क्षेत्र वाढवूनच दाखवते, आणि गुंठ्यावर भाव ठरला असेल तर घेणारा बुडतो. त्यापेक्षा एक कर्ण मोजून दोन त्रिकोण करावेत, दोन्हींना वरची बेरीज लावून पाहावी आणि हेरॉनच्या सूत्राने क्षेत्रफळ काढावे. उत्तर चौरस फुटांत आले की १,०८९ ने भागावे. ३३ फुटी साखळीच्या चौरसाचा गुंठा तेवढाच असतो.