प्रतिकृती विमाने व हेलिकॉप्टरांसाठी टू-स्ट्रोक तेलाची निवड

रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमानांच्या व हेलिकॉप्टरांच्या पेट्रोल इंजिनांत वंगणाची वेगळी टाकी नसते, त्यामुळे वंगण तेल इंधनातच मिसळून द्यावे लागते. ते कोणत्या प्रतीचे असावे व किती मिसळावे, हे इंजिनाचे तापमान, त्यावरील भार आणि उपलब्ध पेट्रोल यांवर ठरते. टू-स्ट्रोक इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट असलेल्या पोकळीत, शिरते आणि मग सिलिंडरात जाते. या वाटेवर पेट्रोलची वाफ होते, पण तेलाचे सूक्ष्म थेंब मागे राहून क्रँकशाफ्टची बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही टोकांची निडल बेअरिंगे, पिस्टन आणि रिंग यांवर थर धरतात. शेवटी हेच तेल ज्वलनकक्षात जाऊन जळते. तापलेल्या धातूवर ते टिकले पाहिजे आणि ज्वाळेत मात्र काजळी न धरता जळून गेले पाहिजे, अशा परस्परविरोधी अपेक्षा एकाच द्रवाकडून असल्यामुळे या तेलांची प्रतवारी करावी लागली.

हेलिकॉप्टरांत सामान्यतः 23 ते 30 घन सेंमी. क्षमतेची, तर विमानांत 20 पासून 100 घन सेंमी.च्याही पुढची इंजिने वापरतात. जपानच्या झेनोआ कंपनीची या क्षेत्रात रुळलेली इंजिने मुळात गवत कापण्याच्या यंत्रांच्या घराण्यातली आहेत. वॉल्ब्रो पद्धतीचा पडदेवाला (लवचीक पडद्याने इंधन ओढणारा) कार्ब्युरेटर, एकच सिलिंडर आणि हवेने थंड होण्याची व्यवस्था ही या घराण्याची लक्षणे होत. म्हणून कोकणातल्या बागायतदाराच्या ग्रास कटरला जे चांगल्या प्रतीचे तेल चालते, ते प्रतिकृतीच्या इंजिनालाही बहुधा चालते. केवळ डब्यावर विमानाचे चित्र आहे म्हणून दुप्पट किंमत मोजण्याचे कारण नाही. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनांचे तेल मात्र येथे उपयोगाचे नाही. त्या इंधनात साधारण 15 ते 20 टक्के तेल असते व त्यात एरंडेल असण्याची प्रथा आहे. पेट्रोल इंजिनाला 2 ते 4 टक्के तेल पुरते, आणि साधे एरंडेल मिथेनॉलमध्ये सहज विरघळत असले तरी पेट्रोलमध्ये, विशेषतः थंडीत, नीट मिसळत नाही.

प्रतवारी : तेलाच्या डब्यावर पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे जासो या जपानी मानकाचा शिक्का. या मानकात एफए, एफबी, एफसी व एफडी असे वर्ग आहेत. पहिले तीन 1994 मध्ये आले, एफडी नंतर वाढवला गेला. चाचण्या छोट्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनांवर घेतल्या जातात. वंगणक्षमता व स्वच्छता होंडा डिओ स्कूटरच्या इंजिनावर पाहतात, तर धूर व सायलेन्सर चोंदणे यांसाठी सुझुकीच्या लहान जनरेटरचे इंजिन वापरतात. प्रत्येक तेलाची तुलना एका ठरावीक संदर्भ-तेलाशी करून, त्या संदर्भ-तेलाचे 100 धरून, गुण देतात. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. एफबी, एफसी व एफडी या तिन्ही वर्गांना वंगणक्षमतेची किमान अट एकच, 95 ची आहे. धुराच्या बाबतीत एफबीला 45 पुरतात, तर एफसी व एफडीला 85 लागतात. एफडीची स्वच्छतेची कसोटी आणखी कडक आहे. म्हणजे वरच्या वर्गाचे तेल बेअरिंगला अधिक जपेलच असे त्या शिक्क्यावरून म्हणता येत नाही. पिस्टनच्या खाचा, एक्झॉस्टचे तोंड आणि सायलेन्सर अधिक स्वच्छ राहतील एवढीच त्यातून हमी मिळते. ती थोडी नाही, कारण खाचेत चिकटलेली रिंग सिलिंडरला घट्ट टेकत नाही आणि इंजिनाची ताकद उतरते. आयएसओची ईजीबी, ईजीसी व ईजीडी ही वर्गवारी याच धर्तीची आहे. एपीआय टीसी हा जुना अमेरिकी वर्गही हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचाच आहे.

टीसी-डब्ल्यू3 हा शिक्का असलेले तेल घेणे ही नवख्यांकडून वारंवार होणारी गफलत होय. ते होडीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्ड इंजिनांसाठी असते. ती इंजिने तुलनेने कमी तापतात, म्हणून या तेलात राख सोडणारे धातुयुक्त स्वच्छक घालत नाहीत. हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनात ते वापरल्यास रिंगेच्या खाचेत लाखेसारखा थर बसण्याचा धोका वाढतो. महागडे टीसी-डब्ल्यू3 तेलही हेलिकॉप्टरच्या कामाचे नाही.

मूळ द्रव्य : खनिज तेल स्वस्त असते, पण धूर व काजळी जास्त करते. संश्लेषित तेलांत एस्टर व पॉलिआयसोब्युटिलीन यांचा वापर होतो. एस्टर उच्च तापमानाला धातूवर टिकून राहतो, तर पॉलिआयसोब्युटिलीन कमी धुराने जळते. एरंडेलाचा थर अति तापल्यावरही सहसा फाटत नाही, म्हणून शर्यतीच्या काही तेलांत ते आजही असते. पण त्याचा चिकट, तपकिरी लेप काढताना मेकॅनिक मेटाकुटीला येतो. छंदापुरते उडवणाऱ्याने एफडी शिक्क्याचे संश्लेषित किंवा अर्धसंश्लेषित तेल घ्यावे. पेट्रोलपंपावर किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारे टू-टी ऑइल शिक्का वाचून घेतले तर त्याज्य नाही.

मिश्रणाचे प्रमाण : प्रमाण पेट्रोल व तेल यांच्या आकारमानावर सांगतात. एका लिटर पेट्रोलला 25:1 साठी 40 मिलि., 32:1 साठी 31 मिलि., 40:1 साठी 25 मिलि. आणि 50:1 साठी 20 मिलि. तेल लागते. उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा, मात्र तो कोणत्या तेलासाठी दिला आहे तेही वाचावे. यंत्रकरवती बनवणारी हुस्कवार्ना कंपनी आपल्या तेलाला 50:1 आणि इतर एफबी वर्गाच्या तेलाला 33:1 सांगते; त्याच क्षेत्रातल्या श्टिलच्या पुस्तिकांत स्वतःच्या तेलाला 50:1 व बाहेरच्या तेलाला 25:1 असे आढळते.

विमान व हेलिकॉप्टर यांचा भेद येथे खरा महत्त्वाचा ठरतो. विमानाच्या इंजिनावर पंख्याचा व वेगाचा वारा थेट येतो आणि उतरताना थ्रॉटल कमी झाल्यावर त्याला उसंत मिळते. हेलिकॉप्टरचे इंजिन सांगाड्याच्या आत, पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या आवरणात असते, छोट्या पंख्याच्या हवेवर थंड होते आणि जागेवर तरंगतानाही गव्हर्नर त्याचे फेरे कायम ठेवत असल्यामुळे भाराखालीच असते. म्हणून त्याच तेलाने विमान 40:1 वर चालवणारे अनेक जण हेलिकॉप्टरसाठी 32:1 पसंत करतात. 100:1 सारखी कोरडी, म्हणजे फार कमी तेलाची, प्रमाणे काही तेलांच्या डब्यांवर छापलेली असली, तरी मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरला ती देणे म्हणजे बेअरिंगांशी जुगार आहे.

तेल वाढवले की इंजिन अधिक सुरक्षित झाले, ही समजूत अर्धवट आहे. तेलाने पेट्रोलची जागा घेतलेली असते. 50:1 वरून 25:1 वर आल्यास मिश्रणातले पेट्रोल सुमारे 98 टक्क्यांवरून 96 टक्क्यांवर येते आणि दाट झालेले इंधन जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रातून, जातेही कमी. नीडल, म्हणजे पेट्रोल किती सोडायचे ते ठरवणारा स्क्रू, तशीच ठेवली तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून इंजिन जास्त तापते. म्हणून तेलाचे प्रमाण किंवा छाप बदलली की कार्ब्युरेटरच्या मंद व जलद अशा दोन्ही नीडल पुन्हा लावून घ्याव्यात. प्लगच्या रंगावरून निष्कर्ष काढण्याची जुनी सवय आजच्या शिसेविरहित पेट्रोलबरोबर व संश्लेषित तेलांबरोबर पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही. एक्झॉस्टमधून पिस्टनचा माथा व रिंग पाहणे अधिक उपयोगी पडते. शेपटीच्या नळीवर काळा, ओला चिकटा जमत असेल तर आधी मिश्रण पेट्रोलकडे झुकले आहे का ते पाहावे, तेलाला दोष नंतर द्यावा.

नवे इंजिन रुळवताना पहिले काही लिटर खनिज तेल द्यावे की नाही, याबद्दल उत्पादकांतच एकमत नाही. फार निसरड्या संश्लेषित तेलाने रिंग सिलिंडरला बसायला वेळ लागतो, हा त्यामागचा विचार आहे. वॉरंटी टिकवायची असेल तर पुस्तिका सांगेल तसे करावे.

इथेनॉल व साठवण : भारतात 2025 पर्यंत पंपांवर 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सर्रास झाल्यामुळे तेल निवडताना एक नवी कसोटी आली आहे. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, तर तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहते. प्रतिकृतीच्या टाकीतला क्लंक, म्हणजे इंधन ओढणारे जड तोंड, नेमके तळाशी असते आणि इंजिनाला जवळजवळ बिनतेलाचा घोट मिळतो. कोकणातल्या पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये हे लवकर घडू शकते. म्हणून नव्या तेलाचे थोडे मिश्रण पारदर्शक काचेच्या बाटलीत रात्रभर झाकून ठेवावे. ते गढुळले किंवा त्यात थर दिसले तर ते तेल त्या पेट्रोलबरोबर वापरू नये. मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि डबा काठोकाठ भरून घट्ट बंद ठेवावा. हंगाम संपताना टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधले उरलेले इंधन इंजिन चालवून संपवावे, नाहीतर पडदा ताठरतो. त्यानंतर प्लग काढून सिलिंडरात व कार्ब्युरेटरच्या तोंडातून क्रँककेसमध्ये गंजरोधक तेलाचे काही थेंब सोडून क्रँक हाताने फिरवावा, कारण इथेनॉलमागे राहिलेली ओल आधी बेअरिंगांनाच गंजवते.