दूरदर्शनमुळे आकाशवाणी संपली का?

‘घरोघरी दूरदर्शन आले आणि रेडिओ संपला’ हे विधान इतक्या वेळा केले जाते की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. तारखा मात्र या विधानाला साथ देत नाहीत. मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याआधीच, १९६७ मध्ये, विविध भारतीवर मुंबई, पुणे व नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या होत्या आणि दूरदर्शन आल्यानंतरही त्या चालूच राहिल्या.

खरा बदल झाला तो प्रसारणाच्या तंत्रात आणि मालकीत. आकाशवाणीचे जुने प्रसारण ज्यांवर चाले त्या मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरपर्यंत पोहोचतात, तर एफएम लहरींचा पल्ला मुख्यतः प्रक्षेपण मनोऱ्याच्या उंचीवर आणि मधल्या डोंगरांवर अवलंबून असतो. त्यामुळे एफएमचा आवाज स्वच्छ असला तरी कार्यक्रम बहुधा एका शहरापुरता उरला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये प्रसारणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला आणि २००१ मध्ये बंगळूरूत पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मात्र मनाई राहिली. तेथे गाण्यांचीच गर्दी झाली याचे एक कारण, माझ्या मते, श्रोत्यांच्या अभिरुचीपेक्षा या नियमातच अधिक आहे.